अक्का, माळवद उतरवलं

अक्का, तुम्हाला समाधी दिली तेव्हा सगळ्यांनी ओंजळ ओंजळ माती लोटली. मी लोटली नाही. माझी पाळी आली आणि मी मागं सरकले. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, स्वामींनी हातानं खूण केली, तरी पाय हलले नाहीत. तुमच्या चुलतभावजयीनं शेजारणीच्या कानात सांगितलं, "नणंदेवरचा राग अजून गेला न्हाई हिचा." मला ऐकू येईल अशा बेतानंच सांगितलं. तुम्ही असतात तर तिला तिथंच दोन शब्द सुनावले असते. माणसावर माती पडताना मला बघवत नाही, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्हीच खाली समाधीच्या खड्ड्यात बसवलेल्या होतात.

रागाचं मात्र तिनं खरं ओळखलं. राग होता. अजून आहे. तो घेऊनच लिहायला बसलेय.

लग्न होऊन मी उदगीरला आले त्या दिवशी तुमच्या घरासमोर जीप थांबली आणि मी वर बघितलं. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांच्यावर माळवद. लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा जाड थर, आणि गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर आणखी पांढरी माती. आमच्या गावाकडचं घर असंच होतं. भूकंपाच्या पहाटे ते माझ्या आईवर, आजोबांवर आणि धाकट्या भावावर बसलं. मी सहावीत होते. सासरी हे सगळ्यांना माहीत होतं. 'भूकंपातली पोरगी' म्हणूनच माझं स्थळ सांगून आलं होतं. तरी त्या दिवशी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलेलं, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या, आणि मी रस्त्यावर. पाय उचलेचना.

सासूबाई म्हणाल्या, "काय गं, पायाला मुंग्या आल्या का?" कुणीतरी हसलं. ह्यांची मान खाली. मग तुम्ही आतून आलात. किनवटहून सुट्टी काढून आलेली, लग्न न केलेली मोठी नणंद, एवढंच मला तुमच्याबद्दल सांगितलेलं होतं. मी मनात म्हटलं, आता ही ओढत आत नेणार. तुम्ही वाकून माप उचललंत, रस्त्यावर आणलंत आणि माझ्या पायापुढं ठेवलंत.

"हं. ओलांड. आपलं घर इथून सुरू होतंय."

"शोभा, लोक काय म्हणतील?" सासूबाई ओरडल्या.

"म्हणतील, नवरी घाईची हाय. आत जायच्या आधीच आली."

मी रस्त्यावर माप ओलांडलं आणि समोरच्या मुमताज खालांच्या स्लॅबच्या घरात मुक्काम केला. पुढं लातूरला आमचं बिऱ्हाड झालं, मग आपलं स्वतःचं सिमेंटचं घर झालं. सणावाराला उदगीरला आले की मी खालांच्या ओट्यावर. त्या घरात पाय टाकायचा नाही, असा नवस बोलल्यासारखं झालं होतं ते. लोक पहिल्या भेटीतच मला त्या पहाटेबद्दल विचारतात, डोळ्यांत पाणी आणून ऐकायला बसतात. तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. म्हणून मी तुम्हाला मानत आले, अक्का.

आणि मग तुम्हीच ते घर पोरींना द्यायचं काढलंत.

किनवटच्या आश्रमशाळेत तुमची सगळी नोकरी वसतिगृहातल्या पोरींची नाटकं बसवण्यात गेली. निवृत्त होऊन उदगीरला आलात तर इथं पोरींना तालमीला जागा नाही. शाळा सुटली की वर्गाला कुलूप, मंगल कार्यालयात लग्नं, मैदानात गेलं तर गाड्यांवरून येऊन शिट्ट्या मारणारे. आपलं घर तर रिकामंच. आजेसासऱ्यांची भुसाराची आडत बंद पडून जमाना झाला, समोरच्या खोल्यांत कुणाची तरी तुरीची पोती तेवढी पडलेली. तुम्ही लातूरला आलात आणि माझ्या स्वयंपाकघरातच सगळा बेत मांडलात. पुढच्या मोठ्या सोप्यात नाटक. माजघरात कपडे, रंग, आरसे. आणि बळदात रेकॉर्डिंग. बळद म्हणजे धान्याची खोली. खिडकी नाही, वर माळवदाला भोक, त्यातून ज्वारी ओतायची आणि खालच्या बुटक्या दारातून काढायची. "तिथं आवाज कसा येतोय माहिताय तुला?" तुम्ही म्हणालात. मला कसं माहीत असणार?

घर निम्मं ह्यांच्या नावावर. हे म्हणाले, "अक्का, शारदाला विचार. ती हो म्हणली तर माझी ना न्हाई." आणि शर्ट घालून दुकानात निघून गेले. आपल्या दोघींत गॅसवरचा चहा उकळत राहिला.

"बोल की," तुम्ही म्हणालात.

"पाडा. पोरींना जागा पायजे ना? स्लॅबची बांधून द्या."

"स्लॅबची खोली कुठंबी मिळंल. हे घर कुठं मिळंल?"

"मग माळवद तरी काढा."

"माळवद काढलं तर घर काय राहिलं?"

"माणसं राहतील, अक्का."

मला वाटलं, दुखावल्यात, आता उठून जातील. तुम्ही चहा गाळून दोन कपांत ओतलात आणि म्हणालात, "बरं. सांग, काय काय केलं म्हणजे तुला भ्या वाटणार न्हाई?"

"भ्या जाणार न्हाई. पण सांगते."

मी सांगत गेले, तुम्ही ऐकत गेलात. वरची माती उतरवायची. भिंती एकमेकींना बांधून घ्यायच्या. सोप्याला दुसरं दार पाडायचं. सगळी दारं बाहेर उघडणारी. लातूरचा इंजिनिअर आला, त्यानं यात आणखी पुष्कळ भर घातली: कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, भिंतीच्या आरपार जाणारे दगड, वरून चहूबाजूंनी काँक्रीटचा पट्टा. तुम्ही सगळं मान्य केलंत. मला तेव्हा वाटलं, आपलं भांडण मिटलं.

काम चालू झालं तसं मी दर रविवारी लातूरहून एसटीनं यायची आणि खालांच्या ओट्यावरून बघत बसायची. खाला म्हणायच्या, "अगे, धूप में कायकू बैठती? अंदर आ ना." मी म्हणायची, "इथून दिसतंय, खाला." सोप्यावरची माती उतरली त्या दिवशी ट्रॉलीमागून ट्रॉली भरून गेली. ओझं कमी झालं तसं माझ्या छातीवरचंही थोडं हललं. तुम्ही मात्र दारात उभ्या राहून प्रत्येक ट्रॉली गल्लीच्या वळणापर्यंत नजरेनं पोचवत होतात. तुमच्या वडिलांनी, अप्पांनी, किती उन्हाळे डोक्यावर पाट्या वाहून ती माती चढवली, हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. खालांनी सांगितलं.

सोप्यावर हलके पत्रे आले, खाली जुन्या तुळया आणि फळ्या तशाच दिसत्या ठेवल्या. देखणं झालं होतं, खोटं कशाला बोलू! मग बळदाची वेळ आली आणि तुम्ही अडून बसलात. इंजिनिअर म्हणाला, खोली लहान आहे, भिंती भक्कम आहेत, तुळया चांगल्या दिसतात, माळवद थोडं पातळ करून ठेवलं तरी चालेल.

"बघ. इंजिनिअर म्हणतोय."

"इंजिनिअर तिथं बसणार हाय का?"

तुम्ही आत गेलात, फोन घेऊन आलात आणि न विचारता माझ्या कानात इअरफोन घातलात. खालांची नात आयेशा गात होती, खालांकडूनच शिकलेलं लग्नातलं दखनी गाणं. अक्का, पोरगी माझ्या मांडीवर बसून गातेय असं वाटलं. मधला तिचा श्वास ऐकू आला. रस्त्यावरचा एकही हॉर्न नाही, कुत्रं नाही, काही नाही.

"छान हाय," मी म्हणाले.

"हे माळवदामुळं हाय. वरची माती बाहेरचं सगळं पिऊन टाकती."

"माणसंबी पिती."

तुम्ही माझ्या कानातून इअरफोन काढलात, गुंडाळलात आणि आत निघून गेलात. तुमचा चहा ओट्यावर तसाच राहिला. बळदाचं माळवद राहिलं. तालमी सुरू झाल्या.

मी पोरींना पळायचं शिकवलं. रस्त्यावरूनच. मी टाळी वाजवली की हातातलं टाकून दोन्ही दारांनी बाहेर यायचं, समोरच्या मोकळ्या जागेत थांबायचं. त्यांना त्याचीच जास्त मजा वाटायची. तुम्ही सोप्याच्या दारात उभ्या राहून म्हणायच्या, "माझ्या नाटकापेक्षा तुझी तालीम चांगली बसलीय." थट्टा होती, पण पोरी पळत असताना तुम्ही एकदाही आडव्या आला नाहीत.

तो रविवार. दुपार कलली होती. मी आणि खाला ओट्यावर मेथी निवडत होतो. खालून एखादा मोठा ट्रक गेल्यासारखं झालं, आणि रस्त्यावर तर ट्रक नव्हता. खालांच्या फडताळातली भांडी किणकिणली. खालांना काही कळायच्या आत माझ्या अंगाला कळलं होतं. मी ओरडले की टाळी वाजवली, आठवत नाही. पोरी दोन्ही दारांतून बाहेर आल्या, शिकवल्यासारख्या, एकमेकींचे हात धरून. एक चेहऱ्याला अर्धा रंग लावलेली, एक अनवाणी. मी तोंडं बघत गेले. आयेशा नव्हती. तुम्ही नव्हतात.

"आयेशा!" खाला किंचाळल्या. "अगे, मेरी बच्ची अंदर है!"

आणि मी आत होते.

उंबरा कसा ओलांडला ते मला सांगता येणार नाही. सोपा ओलांडून बळदाच्या बुटक्या दाराशी गेले. ते आवाजासाठी आतून ओढून घेतलेलं. ओढलं, उघडलं. आत दिवा चालू होता आणि वरच्या भोकाच्या कडेनं माती खाली येत होती, बारीक, पिठाच्या चाळणीतून यावी तशी. तुम्ही आयेशाला कोपऱ्यात घेऊन तिच्यावर ओणव्या झाला होतात. "थांब, थांब, काही न्हाई," म्हणत होतात. तिला की स्वतःला? मी तुमचा दंड धरला, तिची वेणी धरली, जे हाती लागलं ते धरलं आणि ओढत बाहेर आणलं. तुमचं कपाळ दाराच्या पट्टीला आपटलं. रस्त्यावर येऊन थांबलो तोवर जमीन केव्हाच शांत झाली होती.

घराचा एक दगड हलला नव्हता. नंतर बातमीत सांगितलं की हलका धक्का होता, कुठंही काही नुकसान नाही. खाला आयेशाला कुशीत घेऊन हमसून रडत होत्या. तुमच्या केसांत पांढरी माती, कपाळावर टेंगूळ, आणि तुम्ही हसलात. "शारदा, तू आत आलीस!"

तुमच्या त्या हसण्यानं माझं डोकं फिरलं. "आग लागो तुमच्या माळवदाला," मी म्हणाले. गल्ली गोळा झालेली. "पोरगी मेली असती."

"मेली न्हाई. घर उभं हाय, बघ की."

"आज उभं हाय! त्या खोलीत पुन्हा एक जरी पोरगी बसवली तर ह्यांची संमती मागं घेतली म्हणून समजा. कुलूप लावीन घराला."

"धमकी देतीस?"

"हाव. देते."

ते शब्द मी परत घेत नाही, अक्का. तुम्ही गेलात म्हणूनही नाही. तुमच्या केसांतली ती माती मला अजून दिसते.

त्यानंतर तुमचा फोन नाही, माझा नाही. हे दोन्हीकडून निरोप आणायचे आणि दोन्हीकडून ऐकून घ्यायचे. खालांकडून मात्र मला कळत होतं. बळदाला तुम्ही कुलूप घातलंत आणि किल्ली कमरेला लावलीत. सोप्यातली तालीम दोन्ही दारं उघडी ठेवून चालायची. पोरींना पळायचं तुम्ही स्वतः टाळी वाजवून शिकवायला लागलात. मला कळवलं नाहीत. मी ऐकलंय असंही मी तुम्हाला कळू दिलं नाही. आपण दोघी सारख्याच हेकट, असं हे म्हणायचे. मला ते पटत नसे. तुम्ही जास्त होतात.

किनवटच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे नांदेडला गेला होतात, तिथंच तुमच्या छातीत दुखलं. मी लातूरहून मिळेल त्या गाडीनं आले. दवाखान्यात तुम्ही कॉटवर, नाकाला नळी, आणि मला बघून पहिलं वाक्य काय? "बळदाचं माळवद मी ठेवणार हाय."

"मी काढणार हाय."

"माझ्या मेल्यावर काढ."

"मरायचं नाव काढलं तर आत्ताच जाऊन काढते."

सिस्टर आली आणि मला रागावली, पेशंटला बोलायला लावू नका म्हणाली. तुम्ही तिला म्हणालात, "बोलू द्या हो, भावजय हाय. लई दिवसांनी बोलायलीय." मी तोंड फिरवून खिडकीकडे बघत बसले, कारण तुम्हाला माझे डोळे दिसायला नको होते. दोन दिवस मी तुमच्याजवळ होते. सफरचंद किसून भरवलं, वेणी घालून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही डोळे मिटलेले असतानाच विचारलंत, "शारदा, एक विचारू? त्या दिवशी आत कशी आलीस गं?"

इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काही विचारलं होतंत. मी तुमची चादर सारखी केली. "उगं पडा आता. घरी गेल्यावर सांगते."

तुम्ही घरी आला नाहीत.

दिवस झाल्यावर हे म्हणाले, "आता विकून टाकू. मंगल कार्यालयवाला मागं लागलाय. तुझ्याबी जिवाला शांती." माझ्या तोंडून फाटकन निघालं, "न्हाई. पोरींची तालीम चालू हाय तिथं." हे म्हणाले, "तूच तर इतकी वर्षं..." मी म्हणाले, "मी माळवदाशी भांडत होते. घराशी न्हाई." हे बोलेपर्यंत मलाही ते ठाऊक नव्हतं.

मग मी बळदावरची माती उतरवायला माणसं लावली. हे तुम्हाला आवडणार नाही, म्हणून सरळ सांगतेय. आयेशा आडवी आली. बळदाच्या दारात हात पसरून उभी राहिली. मी रस्त्यावर, सोप्याच्या उघड्या दारातून ती मला दिसत होती.

"काकू, ही मॅडमची खोली हाय. तुम्ही मोडायलात."

"खोली न्हाई मोडत. छप्पर बदलायलेय."

"आवाज जाईल. मॅडम न्हाईत म्हणून तुम्ही तुमचं खरं करायलात!"

बरोबर लागलं ते. मी म्हणाले, "हो. मॅडम असत्या तर त्यांच्यासमोर भांडून केलं असतं. आता तुझ्यासमोर करते. तुला काय बोलायचंय ते बोल, पण आधी बाहेर ये." ती बराच वेळ हलली नाही. खालांनी हाक मारली तेव्हा बाजूला झाली आणि मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

माती उतरली, फळ्या निघाल्या, तुळया उघड्या पडल्या. इंजिनिअर आला होता. त्यानं एकेक तुळई ठोकून बघितली. शाबूत. वाळवी नाही, भेग नाही, कुजणं नाही. आणखी कित्येक वर्षं काही झालं नसतं, तो म्हणाला. म्हणजे तुमचं खरं होतं, अक्का. मी रस्त्यावर उभी राहून ऐकलं आणि मला वाटलं, आता खालांच्या ओट्यावर तुम्ही येऊन बसणार आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणणार, "बघ!"

तुमचं खरं होतं. तरी मी ते उतरवलंच असतं. तुळया चांगल्या आहेत हे उघडून बघेपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं, ना तुम्हाला, ना मला, आणि आत पोरगी बसत होती.

आवाज गेला, तेही खरं. नव्या छपराखाली आयेशानं तेच गाणं म्हणून रेकॉर्ड केलं आणि न बोलता फोन माझ्या हातात दिला. मागं रिक्षाचा हॉर्न होता, कुणीतरी भाजीचा भाव विचारत होतं. पूर्वीसारखं नव्हतं ते. इंजिनिअर म्हणतो, छताला आतून कापसाच्या गाद्या लावू, बराच फरक पडेल. पडेल तेवढा पडेल. तुम्ही मला ऐकवलंत ते पुन्हा होणार नाही. ते मी तुमच्याकडून घेतलंय, आणि त्याचं वाईट वाटणं माझ्याकडं राहील.

आज पोरींचा पहिला प्रयोग आहे. बकरी विकायला निघालेल्या दोन जावांची तुम्ही लिहिलेली गोष्ट. सोप्यात सतरंज्या टाकल्यात, गल्लीतल्या बाया आत्तापासून जागा धरून बसल्यात. मी खालांच्या ओट्यावर बसून हे लिहितेय आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय.

त्या पहाटे मी मातीखाली होते, अक्का. तोंडात माती, हात कुठं आहे ते कळत नव्हतं. बाहेर ओरडणं चालू होतं आणि जमीन अधूनमधून हलत होती. सगळी माणसं घरांपासून लांब पळत होती, पळायलाच पाहिजे होतं. कुणीतरी मात्र आत आलं. भिंत हलत असताना आलं. माझा दंड धरला आणि ओढलं. मला बाहेर मोकळ्यावर टाकलं आणि पुन्हा गेलं, दुसऱ्या कुणासाठी. मी त्या माणसाचं तोंड बघितलं नाही. गावातला होता की वाटसरू, बाई होती की बाप्या, मला आजही माहीत नाही. नंतर पुष्कळांना विचारलं. कुणी सांगू शकलं नाही. हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही.

माझ्यासाठी कुणीतरी आत आलं होतं. त्या दुपारी आत तुम्ही होतात. एवढंच आहे ते.

भीती गेलेली नाही. आयेशा ओट्यापाशी येऊन उभी आहे, तोंडाला रंग लावून, बकरीवाल्या थोरल्या जावेचा पदर खोचून. विचारतेय, "काकू, सुरू करायलोत. तुम्ही हितनंच बघणार का?"

न्हाई गं. येते आत.